सत्तर जहाजे की चार लाख टन? ब्रिटन-अमेरिकेच्या क्रूझरवादाचे प्रकरण

२० जून १९२७ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांचे प्रतिनिधी क्रूझर जहाजांवर मर्यादा घालण्यासाठी जिनिव्हात एकत्र बसले. ४ ऑगस्टला ते उठले तेव्हा काहीही ठरलेले नव्हते. फ्रान्स आणि इटली यांनी वाटाघाटीत भागच घेतला नव्हता. जपान बराच काळ मध्यस्थाच्या भूमिकेत राहिला. सहा आठवडे जे भांडण रंगले ते ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी एकाच बाजूने महायुद्ध लढलेल्या दोन देशांत. दोघांच्याही तिजोरीला जहाजांचा खर्च नकोसा झाला होता आणि एकमेकांशी युद्ध करण्याची इच्छा कोणालाच नव्हती. तरी बोलणी फिसकटली.

आरमारी इतिहासात लढायांवर भरपूर लिहिले जाते. टेबलावरच्या अशा हरलेल्या लढाईकडे फारसे कोणी वळत नाही. मला मात्र हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते, कारण यात दोन्ही बाजू खरे बोलत होत्या. ब्रिटनचा हिशेब बरोबर होता आणि अमेरिकेचाही. दोघांनी मांडलेले आकडे ज्या नकाशांवरून काढले होते, ते नकाशेच वेगळे होते. पुढच्या पंधरा वर्षांत या दोन आरमारांनी जी जहाजे बांधली, त्यांच्या तोफांची मापे, टाक्यांतले तेल आणि चिलखताची जाडी यांतून हे दोन नकाशे आजही वाचता येतात.

दहा हजार टन आणि आठ इंच

क्रूझर हे मधले जहाज. बॅटलशिपइतके जड नाही आणि विनाशिकेइतके चिमुकलेही नाही. ताफ्याच्या पुढे राहून टेहळणी करायची, दूरच्या समुद्रात एकट्याने महिनोन्‌महिने फिरायचे, आपल्या व्यापारी जहाजांची राखण करायची किंवा शत्रूची बुडवायची, ही तिची कामे. एकटी क्रूझर किती नासधूस करू शकते हे हिंदुस्थानने जवळून पाहिले होते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मनीच्या ‘एमडेन’ने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या आणि नोव्हेंबरात कोकोस बेटांपाशी ती नष्ट होईपर्यंत दोन डझनांच्या आसपास व्यापारी जहाजे पकडली किंवा बुडवली. त्या एका जहाजाच्या शोधात किती जहाजे गुंतून पडली, हे ब्रिटिश ॲडमिरल्टी, म्हणजे तिथले आरमार खाते, विसरले नव्हते.

युद्धानंतर बॅटलशिपची स्पर्धा थांबवण्यासाठी ६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टनचा करार झाला. बॅटलशिपच्या बाबतीत ब्रिटन आणि अमेरिका बरोबरीत आले, जपानला पाचाला तीन असे प्रमाण मिळाले. क्रूझरसाठी मात्र एवढेच ठरले की एका जहाजाचे प्रमाणित विस्थापन, म्हणजे तेल न धरता सज्ज जहाजाचे वजन, १०,००० टनांपेक्षा जास्त नको आणि तोफेचे तोंड आठ इंचांपेक्षा मोठे नको. किती जहाजे बांधायची, यावर बंधनच नव्हते.

ही मर्यादा कशी आली, ते बघण्यासारखे आहे. ब्रिटनने नुकतीच हॉकिन्स वर्गाची, म्हणजे एकाच आराखड्यावरची, जहाजे बांधली होती. वजन पावणेदहा हजार टनांच्या घरात, तोफा साडेसात इंची. नवी कोरी जहाजे मोडीत काढायला कोण तयार होईल? म्हणून मर्यादेची रेघ त्यांच्या जरा वर ओढली गेली. अमेरिकेलाही ती चालण्यासारखी होती, कारण पॅसिफिकसाठी तिला मोठेच जहाज हवे होते. अशा रीतीने त्या काळातल्या सर्वांत मोठ्या क्रूझरचे माप हे कायदेशीर कमाल माप झाले. आणि कमाल माप कागदावर आले की त्यापेक्षा लहान जहाज बांधायला कोणत्याच आरमाराचा हात उचलत नाही. शेजारी दहा हजारांचे बांधतो आहे, मग आपण सात हजारांवर का थांबायचे? बंधन म्हणून घातलेली अट वर्षभरात सगळ्यांचा नमुना होऊन बसली.

ब्रिटनने ‘केंट’पासून सुरू होणाऱ्या काउंटी वर्गाच्या तेरा क्रूझर बांधल्या. त्यांतल्या दोन ऑस्ट्रेलियासाठी होत्या. उंच बाजू, तीन धुरांडी, चार फिरत्या बुरुजांत दोन-दोन मिळून आठ इंची आठ तोफा. लांब सफरीला अतिशय चांगली जहाजे. अमेरिकेच्या काँग्रेसने डिसेंबर १९२४ मध्ये आठ क्रूझरना मंजुरी दिली. त्यांतल्या पहिल्या दोन, ‘पेन्साकोला’ आणि ‘सॉल्ट लेक सिटी’, यांवर आठ इंची दहा-दहा तोफा होत्या.

अडचण गणिताची होती. आठ-दहा मोठ्या तोफा, बत्तीस नॉटच्या (ताशी बत्तीस सागरी मैलांच्या) आसपासचा वेग आणि त्यासाठी ऐंशी हजार ते एक लाख अश्वशक्तीची यंत्रे हे सगळे दहा हजार टनांत बसवले की चिलखतासाठी काही उरत नाही. केंट वर्गात दारूगोळ्याच्या कोठारांभोवती जाड पत्रा होता, बाकीच्या अंगाला जवळजवळ काहीच नव्हते. अमेरिकन खलाशी या जहाजांना ‘टिनक्लॅड’ म्हणत, म्हणजे पत्र्याची. गंमत अशी की जहाजांचे आराखडे काढणारे वजनाला इतके घाबरले होते की पेन्साकोला प्रत्यक्षात ९,१०० टनांचीच उतरली. ज्या नऊशे टनांचे चिलखत देता आले असते, ते वायाच गेले. पुढच्या वर्गांत ही चूक त्यांनी सुधारली. न्यू ऑर्लिन्स वर्गाची सात जहाजे बरीच अंगाने भरलेली होती.

दोन नकाशे

जिनिव्हाचे आमंत्रण अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांनी दिले होते. वॉशिंग्टनला बॅटलशिपबाबत जमले, तेच प्रमाण क्रूझरना लावू, ही त्यांची अपेक्षा. अमेरिकन शिष्टमंडळाचे प्रमुख मुत्सद्दी ह्यू गिब्सन होते, पण शब्द चालत होता तो रिअर ॲडमिरल हिलरी जोन्स यांचा. ब्रिटनकडून आरमारमंत्री विल्यम ब्रिजमन आणि लॉर्ड रॉबर्ट सेसिल आले होते. जटलंडच्या लढाईतले सेनापती ॲडमिरल जेलिको न्यूझीलंडचे प्रतिनिधी म्हणून बसले होते.

ब्रिटनने मागणी ठेवली ७० क्रूझरची. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. १५ बॅटलशिपच्या ताफ्याला, दर तीन जहाजांमागे पाच या हिशेबाने, २५ क्रूझर. उरलेल्या ४५ व्यापारी मार्गांच्या राखणीला. ब्रिटन खात असलेले धान्य आणि जाळत असलेले तेल समुद्रावरून यायचे. जिब्राल्टर, माल्टा, एडन, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशी बंदरांची माळच तिच्या हाती होती. ठिकठिकाणी तेल, गोदी, दुरुस्ती, ताजी भाजी सगळे मिळणार. मग जहाज फार मोठे कशाला? साडेसात हजार टनांचे, सहा इंची तोफांचे जहाज पुरे, पण ते प्रत्येक वाटेवर हवे. दहा हजारांचे एक बांधण्यापेक्षा त्याच पैशात संख्या वाढवावी, हे ब्रिटनचे म्हणणे मला तरी पूर्णपणे पटते. एक जहाज कितीही मोठे असले तरी एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.

अमेरिकेचा नकाशा उघडला की चित्र पालटते. होनोलुलूपासून मनिला सुमारे ४,८०० सागरी मैल. वाटेत ग्वाम आणि इतर लहान बेटे, पण वॉशिंग्टन कराराच्या १९ व्या कलमाने तिथे आणि फिलिपाइन्समध्ये नवी तटबंदी करायला बंदी घातलेली. जपानशी युद्ध झालेच तर अमेरिकन ताफ्याला सगळा पॅसिफिक स्वतःच्या टाकीतल्या तेलावर ओलांडून, शत्रूच्या दारात जाऊन लढायचे होते. अशा आरमाराला साडेसात हजार टनांचे जहाज देणे म्हणजे वाळवंटात निघालेल्याच्या हाती तांब्याभर पाणी देणे. त्यांना मोठा पल्ला हवा होता आणि मोठे जहाज हवे होते. संख्या कमी असली तरी चालणार होती.

म्हणून अमेरिकेने जहाजे मोजलीच नाहीत, एकूण टन मोजले. दोघांनाही सारखाच एकूण आकडा असावा, आधी अडीच ते तीन लाख टन, फार तर चार लाखांपर्यंत, आणि त्यात कोणी किती मोठे जहाज बांधायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. ब्रिटनच्या सत्तर जहाजांची बेरीज मात्र साडेपाच लाख टनांच्या वर जात होती. ब्रिटन म्हणे, आठ इंची मोठ्या क्रूझरची संख्या आधी बांधून टाका आणि बाकीच्या सहा इंची, लहान ठेवा. अमेरिका म्हणे, आम्हाला लागणारे जहाजच तुम्ही बाद करता आणि तुम्हाला लागणारे मोकळे सोडता.

सहा इंची तोफेच्या मुद्द्यामागे आणखी एक गाठ होती. ब्रिटनचे व्यापारी आरमार जगात सर्वांत मोठे. युद्ध सुरू झाले की वेगवान प्रवासी बोटींवर सहा इंची तोफा चढवून तात्पुरत्या क्रूझर तयार करता येतात आणि ब्रिटनने हे पूर्वी केलेही होते. अमेरिकेकडे अशा बोटी थोड्या. सगळ्यांच्या क्रूझर सहा इंची झाल्या तर ब्रिटनच्या या बोटींची किंमत आपोआप वाढणार होती. आठ इंची तोफेचा गोळा सुमारे ११६ किलोचा, सहा इंचीचा ५१ किलोचा. आठ इंचीचा हट्ट अमेरिकन अधिकाऱ्यांनी केवळ मोठेपणासाठी धरला होता असे मानणे त्यांच्यावर अन्याय होईल.

पण मग एवढे समजण्यासारखे असताना तोडगा का निघाला नाही? माझ्या मते चूक बैठकीआधीच झाली होती. लंडन आणि वॉशिंग्टन यांच्यात आधी राजकीय पातळीवर काही बोलणेच झाले नव्हते. ‘बरोबरी’ या शब्दाचा अर्थ काय, जहाजांची बरोबरी की टनांची की गरजेची, हे ठरवणे पंतप्रधान आणि अध्यक्ष यांचे काम. ते काम नौसेनाधिकाऱ्यांच्या अंगावर पडले. नौसेनाधिकाऱ्याला शिकवलेले असते ते वाईटातल्या वाईट प्रसंगाची तयारी ठेवायला. समोरच्या आरमाराशी आपण कधी लढणार नाही असे गृहीत धरणे त्याच्या कामात बसत नाही. इकडे ब्रिटिश मंत्रिमंडळातही एकवाक्यता नव्हती. स्वतः अर्थमंत्री असताना दोनच वर्षांपूर्वी क्रूझरच्या खर्चाला विरोध करणारे चर्चिल आता अमेरिकेला बरोबरी लिहून द्यायला तयार नव्हते. बोलणी मोडल्यावर लॉर्ड सेसिल यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

विल्यम शीअरर नावाचा एक अमेरिकन प्रचारक त्या वेळी जिनिव्हात पत्रकारांमध्ये वावरत होता आणि ब्रिटनविरोधी मजकूर पुरवत होता. जहाजबांधणीच्या कंपन्यांकडून त्याला पैसे मिळत होते, हे उघड झाले ते १९२९ मध्ये, त्यानेच उरलेल्या पैशांसाठी कंपन्यांवर दावा लावला तेव्हा. सिनेटने चौकशी केली. परिषद त्याच्यामुळे मोडली असे म्हणता येणार नाही, पण मोडावी अशी इच्छा असलेले लोक तिथे होते, एवढे खरे.

लंडन, १९३०

पुढची दीड वर्षे वाईट गेली. अमेरिकन काँग्रेसने आणखी १५ मोठ्या क्रूझरचे विधेयक मंजूर केले आणि १३ फेब्रुवारी १९२९ रोजी कूलिज यांनी त्यावर सही केली. मग दोन्हीकडे माणसे बदलली. मार्चमध्ये हूवर अध्यक्ष झाले, जूनमध्ये मजूर पक्षाचे रॅम्से मॅकडोनाल्ड पंतप्रधान. या वेळी सुरुवात वरून झाली. उन्हाळाभर मॅकडोनाल्ड आणि अमेरिकेचे राजदूत डॉज यांच्यात बोलणी चालली आणि ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड स्वतः अमेरिकेला गेले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिले ब्रिटिश पंतप्रधान. व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या रॅपिडन इथल्या हूवर यांच्या शिबिरात, ओढ्याकाठी दोघे बोलत बसले.

तोवर अंतर किती उरले होते? अमेरिकन आरमाराला आठ इंची २१ क्रूझर हव्या होत्या, ब्रिटन १८ वर अडून होता. तीन जहाजे, तीस हजार टन! जिनिव्हात जे पर्वताएवढे दिसत होते, ते आधी नीट मोजून घेतल्यावर एवढेसे राहिले. २२ एप्रिल १९३० रोजी लंडनमध्ये करार झाला. आठ इंची क्रूझरमध्ये अमेरिकेला १८ जहाजे व १,८०,००० टन, ब्रिटनला १५ जहाजे व १,४६,८०० टन, जपानला १२ जहाजे व १,०८,४०० टन. सहा इंची वर्गात उलट: ब्रिटनला १,९२,२०० टन, अमेरिकेला १,४३,५००. एकाला मोठी जहाजे जास्त, दुसऱ्याला लहान जास्त. दोन वेगळे नकाशे एका कागदावर बसवण्याचा हाच मार्ग होता आणि तो १९२७ मध्येही मोकळा होता, ही गोष्ट मनाला लागते.

किंमत दोघांनी मोजली. ब्रिटनने ७० चा आकडा सोडून ५० मान्य केला. जेलिको आणि माजी आरमारप्रमुख बीटी यांनी त्याला कडाडून विरोध केला. अमेरिकेत ॲडमिरल जोन्स विरोधात उभे राहिले, ॲडमिरल प्रॅट बाजूने. सिनेटने ५८ विरुद्ध ९ मतांनी करार संमत केला. सर्वांत मोठी किंमत मात्र टेबलावरच्या तिसऱ्याच्या घरात चुकवली गेली. जपानी आरमारातल्या कडव्या गटाला हा करार म्हणजे अपमान वाटला आणि तो स्वीकारणारे पंतप्रधान हामागुची यांच्यावर नोव्हेंबर १९३० मध्ये टोकियोच्या स्टेशनात गोळी झाडण्यात आली. त्या जखमेनेच पुढच्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. दोन मित्रदेश एकमेकांच्या तोफांचे इंच मोजत असताना ज्याच्याशी दोघांनाही लढावे लागणार होते, त्याच्याकडे त्यांचे पुरेसे लक्ष नव्हते.

लिअँडर आणि ब्रुकलिन

करारानंतरच्या दोन वर्गांची जहाजे शेजारी ठेवली की सगळा वाद डोळ्यांपुढे उभा राहतो.

ब्रिटनची लिअँडर वर्गाची क्रूझर सुमारे ७,००० टनांची. चार बुरुजांत सहा इंची आठ तोफा, ७२,००० अश्वशक्ती, साडेबत्तीस नॉट, पावणेसहाशेच्या आसपास माणसे आणि एकच रुंद धुरांडे. ब्रिटिश आरमारासाठी अशा पाच झाल्या: लिअँडर, ओरायन, नेपच्यून, एजॅक्स आणि अकिलीस. जिनिव्हात जे जहाज मागितले होते, जवळपास तेच हे.

अमेरिकेची ब्रुकलिन वर्गाची क्रूझर दहा हजार टनांच्या काठावरची. तोफा सहा इंचीच, पण पाच बुरुजांत तीन-तीन मिळून पंधरा. १५ नॉट वेगाने १०,००० सागरी मैलांचा पल्ला. लिअँडरचा पल्ला साधारण याच्या निम्मा. अमेरिकेला सहा इंची क्रूझर कधी मनापासून नकोच होत्या, पण करारात टन मिळाले होते आणि ते वापरायचे होते. १,४३,५०० टनांतून ओमाहा वर्गाच्या जुन्या दहा जहाजांचे ७०,५०० टन वजा केले की उरतात ७३,०००. त्यात दहा हजारांची सातच बसतात आणि सातच ब्रुकलिन बांधल्या गेल्या. पुढे थोडा फरक करून आणखी दोन. जपानने मोगामी वर्गावर सहा इंचांपेक्षा किंचित मोठ्या पंधरा तोफा चढवल्याचे कळल्यावर अमेरिकनांनीही पंधराच बसवल्या. नवी तोफ मिनिटाला आठ-दहा गोळे टाकू शकत होती आणि तिचा गोळा ५९ किलोचा होता. लहान तोफ नको म्हणणाऱ्यांनी लहान तोफेचे असे जहाज केले की जवळच्या अंतरावर आठ इंची क्रूझरनेही त्याच्यापासून जपून राहावे.

याचा त्रास ब्रिटनलाच झाला. मोगामी आणि ब्रुकलिनपुढे लिअँडर थिटी दिसू लागली आणि नाइलाजाने ब्रिटननेही बारा तोफांचा, ९,१०० टनांचा साउदॅम्प्टन वर्ग काढला. लंडनमध्ये टेम्सच्या पात्रात उभी असलेली ‘बेलफास्ट’ याच घराण्यातली. १९३६ च्या दुसऱ्या लंडन करारात क्रूझरची मर्यादा ८,००० टनांवर आणण्यात ब्रिटनला यश आले, पण तोवर जपान करारांतून बाहेर पडला होता.

हिशेब तपासला गेला तेव्हा

ब्रिटनच्या संख्येच्या युक्तिवादाची परीक्षा १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या प्लेट नदीच्या मुखाबाहेर झाली. जर्मनीच्या ‘ॲडमिरल ग्राफ श्पे’ने दक्षिण अटलांटिकमध्ये आणि मोझांबिकच्या किनाऱ्यापर्यंत येऊन नऊ व्यापारी जहाजे बुडवली होती. तिला गाठले कमोडोर हारवुड यांच्या तीन क्रूझरनी: एजॅक्स, अकिलीस आणि आठ इंची सहा तोफांची एक्सेटर. खर्च वाचवण्यासाठी काउंटी वर्गापेक्षा लहान करून बांधलेले हे जहाज.

ग्राफ श्पेवर अकरा इंची सहा तोफा, एकेक गोळा तीनशे किलोचा. एका फैरीत सुमारे १,८०० किलो, शिवाय लहान तोफा वेगळ्या. समोर एजॅक्स आणि अकिलीस मिळून सोळा तोफांचे ८१६ किलो, एक्सेटरचे ६९६. बेरीज दीड हजारांच्या आसपास. कागदावर ब्रिटिश बाजू हलकी आणि चिलखतात तर फारच हलकी. हारवुड यांनी मात्र एक्सेटर एकीकडे आणि दोन लहान क्रूझर दुसरीकडे अशी फाकवली. ग्राफ श्पेकडे मोठ्या तोफांचे बुरूज दोनच. कोणावर मारा करायचा? तिने आधी एक्सेटरला धरले आणि तिचे जवळजवळ सगळे तोफखाने निकामी केले. एक्सेटरवर ६१ माणसे मेली. दरम्यान दोन लहान जहाजे जवळ सरकत राहिली. एजॅक्सवर सात, अकिलीसवर चार जण मेले. ग्राफ श्पेची ३६ माणसे गेली आणि ती माँटेव्हिडिओ बंदरात शिरली. चार दिवसांनी कॅप्टन लांग्सडॉर्फ यांनी तिला बाहेर नेऊन स्वतःच उडवून दिले आणि नंतर ब्वेनोस आइरेसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली.

तीन जहाजे होती म्हणून हे जमले. त्याच वजनाचे एक मोठे जहाज असते तर ग्राफ श्पेला तोफा वाटाव्या लागल्या नसत्या. १९२७ ची ब्रिटिश मागणी पोकळ नव्हती, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

अमेरिकेच्या बाजूचा निकाल इतका स्वच्छ नाही. पॅसिफिकच्या अंतरांनी लांब पल्ल्याचा आग्रह खरा ठरवला. सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालच्या मोहिमेत तळांपासून शेकडो मैल दूर राहून लढताना मोठ्या टाक्या आणि मोठी जहाजे लागलीच. पण ९ ऑगस्ट १९४२ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्याच साव्हो बेटाजवळ ॲडमिरल मिकावा यांच्या जपानी क्रूझरनी अचानक छापा घातला आणि अर्ध्या-पाऊण तासात व्हिन्सेन्स, क्विन्सी, ॲस्टोरिया या न्यू ऑर्लिन्स वर्गाच्या तिन्ही आणि काउंटी वर्गातली ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा कामातून गेल्या. हजारावर माणसे मेली. दोन देशांनी ज्या आठ इंची क्रूझरसाठी एकमेकांशी भांडण मांडले होते, त्या इथे एकाच रात्रीच्या माऱ्याने, एकाच पाण्यात बुडाल्या.

जपानी क्रूझरवर लांब पल्ल्याचे अतिशय प्रभावी टॉर्पेडो होते. न्यू ऑर्लिन्स वर्गावर टॉर्पेडोच्या नळ्याच नव्हत्या. तोफांनी दूरवरून लढाई होईल, असे धरून वजन वाचवण्यासाठी त्या वगळल्या होत्या. ब्रुकलिनच्या घराण्यातली ‘हेलेना’ जुलै १९४३ मध्ये कुला आखातात आपल्या पंधरा तोफांनी आग ओकत असताना, त्याच तोफांच्या लखलखाटावर नेम धरून टॉर्पेडोंनी बुडवली गेली. आणि ब्रिटनच्या लांब सफरीच्या दोन उत्तम क्रूझर, डॉर्सेटशर आणि कॉर्नवॉल, ५ एप्रिल १९४२ रोजी श्रीलंकेच्या नैर्ऋत्येला जपानी विमानांनी थोड्याच मिनिटांत बुडवल्या. ४२४ माणसे गेली. तिथे आठ इंच की सहा इंच, या प्रश्नाला काही अर्थ उरला नव्हता. जिनिव्हात सहा आठवडे तोफांच्या मापांवर चर्चा झाली. या जहाजांना प्रत्यक्षात मारणार होते ते टॉर्पेडो आणि विमान.

युद्ध सुरू झाल्यावर करार संपले आणि अमेरिकेने क्लीव्हलँड वर्गाच्या २७ क्रूझर पूर्ण केल्या, शिवाय १३,६०० टनांचा बाल्टिमोर वर्ग. ब्रिटनला तेवढ्या गोद्याही नव्हत्या आणि पोलादही नव्हते. बरोबरीचा प्रश्न अमेरिकन कारखान्यांनी सोडवला.

दोन जहाजांचे पुढे काय झाले

ब्रुकलिन वर्गातली ‘फिनिक्स’ पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून सहीसलामत निसटली, सगळे युद्ध लढली आणि १९५१ मध्ये अर्जेंटिनाला विकली गेली. तिथे तिचे नाव पुढे ‘जनरल बेलग्रानो’ झाले. २ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनच्या ‘काँकरर’ या अणुशक्तीच्या पाणबुडीने तिला बुडवले. ३२३ माणसे मेली. ज्या टॉर्पेडोंनी ती बुडाली, त्यांची मूळ रचना १९२० च्या दशकातली होती.

‘अकिलीस’ मुंबईला आली. ५ जुलै १९४८ रोजी ती ‘दिल्ली’ या नावाने हिंदी आरमारात दाखल झाली आणि १६ सप्टेंबरला मुंबई बंदरात पोचली. तेव्हा हिंदी आरमाराचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल एडवर्ड पॅरी. प्लेट नदीच्या लढाईत अकिलीसच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या मंचावर, उभे असलेले तिचे कप्तान हेच, आणि तिथेच ते जखमी झाले होते. १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ बॉम्ब पडून तिचा एक बुरूज गेला होता, त्यामुळे इथे आली ती सहा तोफांनिशी. त्या लढाईवर १९५६ मध्ये निघालेल्या इंग्रजी चित्रपटात अकिलीसचे काम तिने स्वतःच केले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्याच्या मोहिमेत दीवच्या किनाऱ्यावर तिच्या तोफा पुन्हा वाजल्या. त्याच मोहिमेत अंजदीव बेटापाशी ‘म्हैसूर’ होती, म्हणजे १९३६ च्या आठ हजार टनांच्या मर्यादेत आखलेली पूर्वीची ‘नायजेरिया’.

३० जून १९७८ रोजी मुंबईत ‘दिल्ली’ सेवेतून निवृत्त झाली. जहाज मोडीत गेले. तिचा एक दुहेरी बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला, कारण प्लेट नदीवर तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते. ऑकलंडमधल्या डेव्हनपोर्ट नाविक तळाच्या दाराशी तो आज उभा आहे: जिनिव्हात ब्रिटनने मागितलेल्या आणि अमेरिकेने नाकारलेल्या मापाच्या, सहा इंची दोन तोफा.